डॉक्टर, सिस्टर, फिजिओ, फार्मसी: एकत्र शिकवायचं कसं? (आणि आपलं 'सर होते ना')

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी खान्देशातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. गेल्या महिन्यात आम्ही पहिल्यांदाच एमबीबीएस, बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी आणि फार्मसीच्या मुलामुलींना एका वर्गात बसवलं. याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली त्याची व्याख्या केली ती अशी: दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकतात ते. पुढे ज्यांना एकाच पेशंटच्या खाटेभोवती उभं राहायचंय, त्यांनी आधीपासून एकत्र शिकावं, इतकं साधं आहे.

केस कागदावर दिली होती. 54 वर्षांचा शेतमजूर, मधुमेह, उजव्या तळपायाची जखम भरत नाही. चर्चेला 40 मिनिटं. एमबीबीएसची मुलं पहिल्या दोन रांगांत जाऊन बसली. माझ्या मुली शेवटच्या रांगेत. कुणी कुणाला जागा नेमून दिली नव्हती. मेडिसिनचे सर आत आले तशा माझ्या 15 जणी उठून उभ्या राहिल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. एकीनेही तोंड उघडलं नाही. अँटिबायोटिकवर 20 मिनिटं गेली.

नंतर वह्या चाळल्या. एकीच्या वहीत समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'कापूस वेचायला अनवाणी जात असेल. चप्पल विचारायला हवी.' अख्ख्या चर्चेत चप्पल हा शब्दच आला नव्हता. तिला विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, "मॅडम, सर होते ना."

आमचं साहित्य इंग्लंडातलं होतं. त्यातली पहिली सूचना: सगळ्यांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारावी. तिथेच वर्ग गोठला. तेव्हा प्रश्न असा की हे शिक्षण आपल्या संस्कृतीत बसतच नाही, की आपण ते चुकीच्या दारातून आत आणतोय?

सुतगिरणी

वाचतोय. चप्पल वाचून थांबलो जरा. माझे काका पायाच्या जखमेनेच गेले.

गिरणाकाठ

मी सर्जन आहे, तालुक्याच्या गावी 22 वर्षं प्रॅक्टिस. ताई, तुमची तळमळ पोचली, पण दुसरी बाजूही मांडतो. रात्री दोनला अपघाताचा पेशंट येतो तेव्हा चर्चासत्र भरवता येत नाही. एकाने ठरवायचं, बाकीच्यांनी करायचं. आणि पुढे काही झालं तर नोटीस माझ्या नावाने येते. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून प्रत्येक सहीमागे ही धास्ती आहे. जबाबदारी एकाची असेल तर शब्दही त्याचाच चालणार. याला संस्कृती म्हणून नावं ठेवू नका.

उत्तरेचा_वारा

मूळची अमळनेरची, गेली 11 वर्षं स्वीडनमध्ये फिजिओथेरपिस्ट. या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवलं नाही.

@गिरणाकाठ, इथेही अंतिम निर्णय डॉक्टरच घेतात आणि रात्री दोनला चर्चासत्र इथेही भरत नाही. फरक त्याच्या आधीच्या, शिकतानाच्या बाराशे दिवसांत आहे. लिंशोपिंग विद्यापीठाने 1986 पासून आरोग्याच्या सगळ्या शाखांची मुलं एकत्र शिकवायला घेतली. 1996 मध्ये तिथे विद्यार्थ्यांचा वॉर्ड सुरू झाला. खरे पेशंट, आणि वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओची मुलं मिळून तो वॉर्ड चालवतात, शिक्षक मागे उभे. त्या वॉर्डात ज्याने सकाळी नर्सिंगच्या मुलीबरोबर पेशंटला आंघोळ घातलेली असते, तो पुढे तिचा निरोप कानाआड करत नाही.

आता नावाने हाक मारण्याचं. स्वीडिश भाषेतही तू-तुम्हीचा मोठा घोळ होता, आपल्यापेक्षा कडक. समोरच्याला त्याच्या हुद्द्यानेच संबोधायचं, "डॉक्टरांना चहा चालेल का?" असं, त्यांच्याच तोंडावर! 1967 मध्ये ब्रूर रेक्सेड नावाचे गृहस्थ राष्ट्रीय आरोग्य मंडळाचे प्रमुख झाले आणि त्यांनी जाहीर केलं की मी इथल्या सगळ्यांना 'तू' म्हणणार, तुम्हीही मला 'तू' म्हणा. ती लाट तेव्हा देशभर पसरतच होती, पण त्यांचं नाव तिला कायमचं चिकटलं. म्हणजे आज जी 'स्वीडिश संस्कृती' म्हणून दाखवतात ती माझ्या सासूबाईंच्या तरुणपणी नव्हती.

गिरणाकाठ

रेक्सेड? पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या थरांचे रेक्सेड? फर्स्ट इयरला ते दहा थर पाठ करताना रात्री जागवल्यात!

उत्तरेचा_वारा

तेच. शरीररचनाशास्त्राचेच प्राध्यापक होते.

कळण्याची_भाकर

आमच्याकडे डॉक्टरसाहेबांना नुसत्या नावाने हाक मारली तर आमची माय त्या दिवशी भाकरी वाढणार नाही, भरीत तर लांबच. आणि डॉक्टरच कशाला, गल्लीतल्या एक वर्षाने मोठ्या पोरालाही भाऊ म्हणायचं असतं. कंपाउंडर अप्पा, मेडिकलवाले नाना, सिस्टर म्हणजे आक्का. नाव फक्त आधार कार्डावर. स्वीडनचं स्वीडनला ठेवा, आपल्या तोंडाला जे वळण आहे त्यातूनच वाट काढा.

आकडेमोड

व्यवस्थापन शिकवतो, जळगाव. या विषयात 'सत्तेचं अंतर' मोजायची एक पट्टी आहे. डच संशोधक हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणावरून बनवली. अंक जितका मोठा तितकं वरच्याचं वरचेपण खालच्यांनी मान्य केलेलं. भारत 77, जपान 54, ब्रिटन 35, स्वीडन 31. ताईंचं साहित्य 35 च्या देशातून 77 च्या देशात आलं. वर्ग गोठणारच होता.

पांझरा

@आकडेमोड सर, आदर ठेवून विचारते, 1970 च्या आसपास आयबीएमच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसांवरून सातपुड्यातल्या धडगावच्या आरोग्य केंद्राचं अंतर कसं मोजायचं? अख्ख्या भारताला एकच 77? मुंबईच्या कॉर्पोरेट रुग्णालयालाही तोच आणि मोलगीलाही तोच?

'राष्ट्रीय संस्कृती' हा फार साळसूद शब्द आहे. त्याखाली आपण जात आणि बाईपण दोन्ही झाकतो. नर्सिंगला मुलगी पाठवायला नाही म्हणणारी घरं किती होती, ते आमच्या आईच्या पिढीला विचारा. परक्याचं अंग पुसणं, भांडं उचलणं, रात्रपाळी. ते काम कुणी करायचं हे आधीच ठरलेलं होतं. मग त्या कामातून आलेल्या ज्ञानाला वर्गात मान कुठून मिळणार? त्या मुलीच्या समासातल्या चपलेत हे सगळं आहे. ती अनवाणी कापूस वेचणाऱ्यांच्या घरातली असणार. पहिल्या दोन रांगांत ते माहीत असणारं कुणी असेलही, पण ते ज्ञान तिथे 'पॉइंट' म्हणून मोजलं जात नाही.

आणि यावर आपल्याच राज्यात काम झालेलं आहे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. वेगवेगळ्या जातींच्या त्या बायका एकत्र राहिल्या, एकत्र जेवल्या, एकत्र शिकल्या. शिकवणं त्या एकत्र जेवण्यापासूनच सुरू झालं होतं. इंग्लंडला कशाला जायचं?

आकडेमोड

मान्य. देशाच्या सरासरीवरून एका वॉर्डाचा अंदाज बांधणं हीच या पट्टीवरची सर्वांत मोठी टीका आहे, मीच वर्गात सांगतो आणि इथे मीच विसरलो. जामखेडचं उदाहरण उचलतो, वर्गात वापरीन.

थिएटर_सिस्टर

19 वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. नाव-गाव सांगत नाही. एक घडलेलं सांगते.

हर्नियाचा पेशंट. कागदावर डावी बाजू. टेबलावर उजवी बाजू रंगवून तयार. सर हात धुऊन आले, हातमोजे चढवले. मला दिसत होतं. तोंडातून शब्द फुटेना. ज्युनिअर डॉक्टरलाही दिसत होतं, तो जमिनीकडे बघत होता. शेवटी मी म्हटलं, "सर, एकदा पेपर बघून घेता का? मला चष्मा नीट लागत नाहीये." मला चष्माच नव्हता तेव्हा. सरांनी पेपर पाहिला, दोन सेकंद थांबले, बाजू बदलली. पेशंट वाचला, सरांचा मानही राहिला. कोणी काही बोललं नाही, आजपर्यंत नाही. त्या रात्री घरी येऊन मी जेवले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची सर्जरीची चेकलिस्ट 2008 ला आली. चीर देण्याआधी थिएटरमधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, असं तिच्यात आहे. आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यात नवी दिल्लीही होती. मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं, 2009 मध्ये छापून आलं. ते नाव सांगणं मला सुरुवातीला पोरखेळ वाटलेलं. पण एकदा स्वतःचा आवाज त्या खोलीत उमटला की दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं. अडचण अशी की मी काम केलं त्यातल्या एका ठिकाणी चेकलिस्टवर सगळ्या खुणा पेशंट आत यायच्या आधीच करून ठेवत. कागद पूर्ण, आवाज एकाचाही नाही.

सुतगिरणी

सिस्टर, तुम्हाला नमस्कार.

गिरणाकाठ

सिस्टर, दोनदा वाचलं. माझ्या थिएटरमध्ये असा चष्मा कितीजणींनी लावला असेल याचा विचार करतोय.

पूर्वेकडून

जपानहून. थिएटर_सिस्टर यांनी जे केलं ते फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ लिओनार्ड स्टाइन यांनी 1967 मध्येच लिहिलंय की नर्स सल्ला अशा बेताने देते की तो डॉक्टरांनाच सुचला असं वाटावं, आणि डॉक्टरही सल्ला अशा बेताने मागतात की मागितला असं दिसू नये. तेव्हाच्या अमेरिकेत! तेच 1967, ज्या वर्षी रेक्सेड सगळ्यांना 'तू' म्हणत होते.

जपानमध्ये डॉक्टरला आजही 'सेन्सेई' म्हणतात. वाकून नमस्कार, आदरार्थी क्रियापदं, सगळं शाबूत. तरीही इथल्या विद्यापीठांनी 2000 नंतर एकत्र शिक्षण मनावर घेतलं. चिबा विद्यापीठात वैद्यकीय, नर्सिंग आणि फार्मसीची मुलं पहिल्या वर्षापासून एकत्र शिकतात. कारण गरजेचं होतं. म्हातारी माणसं वाढली, 2000 मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाला, आणि एका आजीच्या घरी डॉक्टर, नर्स, फिजिओ, मदतनीस असे पाच जण आपापल्या वेळी जाऊ लागले. एकमेकांना विचारल्याशिवाय भागेना. आदराची भाषा तशीच ठेवून त्यांनी बोलण्याची पाळी ठरवून दिली. कुठल्या बैठकीत कोण कधी बोलणार हे आधी ठरलेलं असतं, त्यामुळे धाकट्याला मध्येच तोंड घालण्याचा उद्धटपणा करावा लागत नाही. त्याची पाळीच असते.

केळीबाग

मी शेतकरी, रावेर तालुका. मला यातलं शास्त्र कळत नाही, पण पेशंटच्या बाजूने कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. वडलांना शुगरचा त्रास, आठ दिवस ॲडमिट होते. मोठे सर म्हणाले केळी बंद. सिस्टर म्हणाल्या अर्धं चालेल. डिस्चार्जला औषधवाला म्हणाला, खा हो काका, गोळी घेताय ना. घरात बाराही महिने केळी. वडील म्हणाले, तिघं एका दवाखान्यातले आणि तिघांचं तीन, म्हणजे यांनाच माहीत नाही. आणि त्यांनी गोळीच बंद केली. तुम्ही एकत्र शिका किंवा नका शिकू, पण आम्हाला सांगताना एक सांगा.

आणि आठ दिवसांत आमच्याशी सर्वांत जास्त कोण बोललं? वॉर्डातल्या मावशी. इन्सुलिन दुखतं का इथपासून बिल कुठे कमी होईल इथपर्यंत सगळं त्यांनाच विचारलं. त्या तुमच्या वर्गात असतात का?

पाटीपेन्सिल

दादा, नव्हत्या. आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सातपुड्यातून

नेटवर्क आलंय तोवर लिहितो. धडगाव तालुक्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे, बीएएमएस. आमच्याकडे हे शिक्षण वर्गात नाही, रस्त्यावर होतं. नर्मदेकाठच्या पाड्यांवर बोटीने जावं लागतं. बोटीत डॉक्टर, नर्स, औषधवाला, सगळे एकाच फळीवर. मला पावरी बोली येत नव्हती. पहिलं वर्षभर मी पेशंटला विचारायचो ते आशाताईमार्फत. कधीकधी मी एक वाक्य विचारायचो आणि त्या पाच मिनिटं बोलायच्या. मग मला कळलं की त्या भाषांतर करत नव्हत्या, तपासत होत्या. सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीत एका घरातली कोणती मुलगी लग्न होऊन कुठल्या पाड्यावर गेली, तिचं बाळ कुणाचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. माझ्या रजिस्टरात नाही.

पण महिन्याच्या सभेला तालुक्याला आलो की त्याच आशाताई सतरंजीवर आणि आम्ही खुर्च्यांवर. त्यांना पगार नाही, मानधन आहे, तेही बरंचसं कामागणिक. बोटीत त्यांचं ऐकणारा मी, सभेत त्यांच्या बाजूने एकदाही बोललो नव्हतो. गेल्या दिवाळीनंतर आमच्या केंद्राने सतरंजी सगळ्यांसाठी टाकली. मोठे साहेबही खाली बसले. त्या दिवशी सभा दीड तास जास्त चालली.

पांझरा

हे वाचून बरं वाटलं. सतरंजी सगळ्यांसाठी.

कळण्याची_भाकर

आमच्या कानबाईच्या रोटासारखं. भाऊबंदकीत कितीही तंटा असो, रोट एकत्रच खायचे.

आकडेमोड

नियमांबद्दल थोडं. आपल्या राज्यात वैद्यकीय, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी या सगळ्या शाखा 1998 पासून नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आहेत. छप्पर एक, पण वेळापत्रकं वेगळी, नियम ठरवणाऱ्या परिषदा वेगळ्या. एमबीबीएसच्या 2019 च्या अभ्यासक्रमात तर स्पष्ट लिहिलंय की डॉक्टर हा आरोग्य संघाचा नेता आणि सदस्य, दोन्ही असावा. नेता होणं सगळे शिकवतात. सदस्य होणं कुणाच्या तासाला? त्याच अभ्यासक्रमाने प्रवेशानंतर लगेच पायाभूत वर्गही आणला. रांगा पडायच्या आधी, पहिल्या आठवड्यात बसवा एकत्र. तिसऱ्या वर्षापर्यंत थांबलात की प्रत्येकाची जागा पक्की झालेली असते.

थिएटर_सिस्टर

पाटीपेन्सिल ताई, एक सुचवते. 'सर' काढू नका. माझ्या तोंडून ते मरेपर्यंत जाणार नाही, आणि त्यात माझा अपमानही नाही. पण 'सर' च्या पुढे वाक्य यायला हवं. "सर, मला काळजी वाटतेय." "सर, बाजू चुकतेय." तेवढं वाक्य मुलींकडून रोज म्हणवून घ्या, इंजेक्शनचा सराव घेता तसं. आणि पहिल्या रांगेतल्या मुलांकडून "सांगा सिस्टर" हे म्हणवून घ्या. तेही सरावाने येतं.

गिरणाकाठ

मी सुरुवातीला जे लिहिलं त्यातलं जबाबदारीचं अजूनही मानतो. पण सोमवारपासून चीर देण्याआधी मी माझं नाव सांगणार आहे, आणि थिएटरमधल्या वॉर्डबॉय मामांपासून सगळ्यांना सांगायला लावणार आहे. मामांना मी आजवर 'तू' म्हणत आलो. ते माझ्यापेक्षा 9 वर्षांनी मोठे आहेत.

पाटीपेन्सिल

सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय. काल दुसरं सत्र झालं, तुम्हा सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन.

खुर्च्या काढल्या, सतरंजी टाकली, सहासहा जणांचे गोल केले. प्रत्येक गोलात चारही शाखा. बोलण्याची पाळी ठरवून दिली, आणि फिजिओ, फार्मसी, नर्सिंग यांची पाळी आधी, एमबीबीएसची शेवटी. मेडिसिनच्या सरांना आधीच विनंती केली होती, ते दाराशी न थांबता मागच्या बाजूने येऊन एका गोलात मांडी घालून बसले. मुली उठल्याच, पण उठेपर्यंत सर बसलेले होते.

कागदावरची केस बाद केली. आमच्याकडचे एक मामा पेशंट झाले, मावशी त्यांची बायको. अट एकच, दोघांनी अहिराणीतच बोलायचं. आमची बरीचशी एमबीबीएसची मुलं बाहेरून आलेली. मामा म्हणाले, "पाय मरी गया, माले पायमा काहीच समजत नही." मुंबईचा एक मुलगा गडबडून गेला, त्याला वाटलं घरात कुणीतरी मरण पावलंय. शेजारी माझी तीच समासवाली मुलगी बसलेली. तिने त्याला सांगितलं, पाय मेलाय म्हणतात, म्हणजे बधिर झालाय, आणि मग तिनेच मामांना विचारायला घेतलं. तो मुलगा लिहून घेत गेला. मध्येच तो म्हणाला, "सिस्टर, विचारा ना, कधीपासून?" अजून तिचा कोर्स संपायचाय, पण तो सिस्टर म्हणाला. फार्मसीच्या मुलाने गोळ्या कुठून घेता विचारलं तर मावशींनी मेडिकलच्या नानांचं नाव सांगितलं, चिठ्ठी दाखवायला लागतच नाही म्हणाल्या. तिथे सगळा गोल गप्प झाला.

सगळीकडे असं झालं नाही. दोन गोलांत शेवटी एमबीबीएसचीच मुलं बोलत राहिली. एका गोलात माझ्या मुलीने पाळी आली तरी "पुढे घ्या" म्हटलं. केळीबाग दादांचं 'एक सांगा' मी फळ्यावर लिहिलं होतं. चारही शाखांनी मिळून मामांना समजेल असं एकच वाक्य बनवायचं होतं, आणि सहापैकी चार गोलांनाच ते जमलं.

सत्र संपल्यावर मावशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, मॅडम, पुढच्या वेळी मला पेशंटची बायको करू नका, मला मावशीच करा. वॉर्डात मी काय बघते ते या पोरांना सांगायचंय.

पुढचं सत्र पोळ्यानंतर आहे. @सातपुड्यातून, तुमच्या आशाताई एक दिवस खाली येतील का? येण्याजाण्याचं आणि मानधनाचं आम्ही बघतो.

सातपुड्यातून

विचारलं. येतो म्हणतात, पण दोघी मिळून येणार. आणि चर्चा दुपारी चारच्या आत संपवा, परतीची शेवटची गाडी चुकते.